कब्बन पार्कातील राणी आणि म्हैसूरचे भूकबळी

बंगळुरूच्या कब्बन पार्कात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १९०६ सालापासून उभा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा खेड्यापाड्यांतील उपाशी माणसे याच बंगळुरूची वाट धरीत होती. म्हैसूरचा कारभार त्या वेळी राजाच्या हाती नव्हता. १८३१ पासून इंग्रज कमिशनर तो थेट चालवीत होते व त्यांचे मुख्य ठाणे बंगळुरू होते. १८७१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या ५०,५५,४१२ होती; १८८१ मध्ये ती ४१,८६,१८८ उरली. काही लोक परागंदा झाले असतील, हे मान्य. पण दहा वर्षांत जन्मलेली मुले हिशेबात धरली तर तूट याहून मोठी ठरते.

यावर साम्राज्याच्या वकिलांचे उत्तर ठरलेले असते: पाऊस पडला नाही, त्यात सरकारचा काय दोष? मारण्याचा हेतू नव्हता, तेव्हा हा नरसंहार नव्हे! १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार त्यांच्या मदतीला येतो. त्यात राष्ट्र, वंश, धर्म यांवर आधारलेले गट आहेत, वर्ग नाही. आणि हेतू सिद्ध करावा लागतो. व्हॉइसरॉय लिटनने कानडी शेतकऱ्यांना मारण्याचा हुकूम काढला नव्हता, हे खरेच आहे. मग त्याने काय केले? धान्याच्या बाजारात हात घालायचा नाही, हे धोरण ठरविले. १८७४ मध्ये रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून बिहार वाचविला होता. म्हणजे उपाय ठाऊक होता. त्या खर्चाबद्दल टेंपलवर उधळेपणाचा ठपका आला, आणि १८७७ मध्ये लिटनने त्यालाच दक्षिणेत काटकसर करावयास धाडले. मद्रास इलाख्यातील दुष्काळी कामांवर पुरुषाच्या मजुरीतले धान्य दीड रतलावरून एक रतलावर आले. एवढ्यावर माती वाहणारा माणूस तगणार नाही, असे इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावले होते. परिणाम सांगितला गेल्यावरही जो हुकूम चालू राहतो, त्याचा हेतू शोधण्यासाठी व्हॉइसरॉयचे अंतःकरण उघडून पाहण्याचे कारण काय? कायद्याच्या शब्दात ही हत्या बसत नसेल तर तो दोष मेलेल्यांचा नाही.

मेले ते प्रामुख्याने भूमिहीन मजूर, विणकर आणि अस्पृश्य ठरविलेले लोक. त्यांच्या घरी कणगी नव्हती, दुकानात पत नव्हती. विलोबी हूपर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात घेतलेली अस्थिपंजरांची छायाचित्रे जगाला ठाऊक आहेत. बळी म्हणजे केवळ दयेचा विषय, ही समजूत त्यांतूनच रुजली. परंतु त्याच १८७७ साली मुंबई इलाख्यात कमी केलेल्या मजुरीविरुद्ध दुष्काळी कामावरच्या उपाशी मजुरांनी काम सोडले, संप केला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. या संपाचे छायाचित्र कोणी काढले नाही, काढले असते तरी ते लंडनच्या दिवाणखान्यांत शोभले नसते.

१८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूर वडियार घराण्याला परत केले. सोबत दुष्काळात झालेले ८० लाख रुपयांचे कर्जही दिले. ते फेडायचे होते वाचलेल्या रयतेच्या सारापट्टीतून.