‘आपल्या मुलांचा हात चांगला असतो’

गेल्या जुलैत आमच्या मिरजेत जमातीच्या वतीने दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव झाला. यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. 85 टक्क्यांच्या वरची मुलं पुढच्या रांगेत, नीट दिलेल्या दोघी स्टेजवर, बाकीचे मागे आणि बिर्याणीच्या पातेल्यांजवळ. प्रमुख पाहुणे बाहेरून आले होते. चांगला माणूस, हेतूही चांगला. ते म्हणाले, “सगळीच मुलं डॉक्टर-इंजिनिअर होणार नाहीत. पण घाबरायचं कारण नाही. आपल्या मुलांचा हात चांगला असतो. त्यांना वेळेवर आयटीआयला टाका.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग दोन दिवस त्या टाळ्यांची लाज वाटत राहिली.

‘टाका’ हा शब्द नीट ऐका. मेडिकलला मुलं जातात, आयटीआयला मुलं टाकली जातात. जुन्या कपड्यांच्या गाठोड्याबद्दल बोलावं तसं आपण 15 वर्षांच्या पोराबद्दल बोलतो, आणि वर त्याच्या हाताचं कौतुक करतो. हात चांगला, म्हणजे डोकं कसं हे न बोलता सांगून झालं.

मी स्वतः त्या ‘चांगल्या हाता’चा आहे, म्हणून हे लिहितोय. अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. सहावीत असताना मी जळालेल्या मोटरची तार कापून काढायचो, सातवीत गाळ्यांत कागद बसवायला शिकलो, आणि नववीत 36 गाळ्यांची थ्री-फेज मोटर एकट्याने भरायचो. गुंडाळ्या किती, पिच किती, कुठलं टोक कुठे जोडायचं, सगळं पाठ. का, हे मात्र ठाऊक नव्हतं. अब्बांनाही नव्हतं. त्यांच्या उस्तादांनी त्यांना जे दाखवलं तेच त्यांनी मला दाखवलं.

दहावीच्या वर्षी मी 2 हॉर्सपॉवरची एक मोटर भरली. अब्बा जुम्म्याला गेले होते आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. मी ती स्टारऐवजी डेल्टामध्ये जोडून दिली, कारण आदल्या दिवशीची मोठी मोटर तशीच जोडलेली पाहिली होती. संध्याकाळी मोटर परत आली, वार्निशच्या जळक्या वासासकट. अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “छोटी मशीन डेल्टा नई सहती, बेटा.” तार, वार्निश, दोन दिवसांची मजुरी सगळं गेलं.

आता गंमत पाहा. त्याच आठवड्यात शाळेत त्रिकोणमिती चालू होती. टॅन 60 अंश बरोबर वर्गमूळ 3, हे मी घोकत होतो, कारण तो एका मार्काचा प्रश्न यायचा. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत मोटरची आकृती होती, तिला चार नावं द्यायची होती. ती छोटी मोटर डेल्टा का सहन करत नाही याचं उत्तर त्याच वर्गमूळ 3 मध्ये आहे हे मला कोणी सांगितलं नाही. 415 व्होल्टच्या लाइनवर स्टार जोडणीत प्रत्येक गुंडाळीच्या वाट्याला साधारण 240 व्होल्ट येतात. डेल्टात पूर्ण 415 येतात, म्हणजे पावणेदोन पट. 240 साठी भरलेली गुंडाळी ते कसं झेलणार? हे मला वयाच्या 21 व्या वर्षी डिप्लोमाच्या वर्गात कळलं, आणि भर तासाला डोळ्यांत पाणी आलं. सर विचारत होते काय झालं. काय सांगणार? दहावीला गणितात मला 38 मार्क होते.

माझ्या शाळेत कारण होतं पण मोटर नव्हती. दुकानात मोटर होती पण कारण नव्हतं. दोघांत फार तर 300 पावलांचं अंतर होतं आणि ते पार करण्याची सोय कुणीच केली नाही, ना सरकारने, ना शाळेच्या ट्रस्टने, ना आमच्या जमातीने. तंत्रशिक्षणाबद्दल मला जे म्हणायचंय ते या 300 पावलांबद्दल आहे.

हे अंतर मिटवायचा विचार नवा नाही, आणि तो आपल्याच एका माणसाने मांडला होता याचा आपल्याला विसर पडला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिच्यातून निघालेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. शाळेत हस्तोद्योग हवा, पण तो एक जादा तास म्हणून नको. त्या उद्योगाच्या आधारानेच गणित, विज्ञान, समाज शिकवावं, असं ती योजना म्हणते. आणि त्या अहवालातच इशारा आहे, की उत्पादनाच्या मागे लागून शिक्षणाचा बळी जाण्याचा धोका आहे. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस सूतकताईबद्दल बोलत होता, पण त्याचं लक्ष सुतावर नव्हतं, मुलावर होतं. आपण त्यांचं नाव शाळांना देतो, त्यांच्या जयंतीला भाषण करतो, आणि त्याच शाळेत कार्यशाळेच्या खोलीला कुलूप असतं.

पुढचा सरकारी इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो कंटाळवाणा आहे. कोठारी आयोगाने 1966 मध्ये माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्या म्हटलं. 1986 च्या धोरणाने लक्ष्य ठेवलं: उच्च माध्यमिकची 10 टक्के मुलं 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणात. 2020 चं धोरण स्वतःच कबूल करतं, की बाराव्या योजनेच्या अंदाजानुसार 19 ते 24 वयाच्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण 5 टक्क्यांपेक्षाही कमी जणांना मिळालं. त्याच परिच्छेदात जर्मनीचा आकडा 75 आणि दक्षिण कोरियाचा 96 दिलाय.

हे का फसलं? माझ्या मते कारण साधं आहे. ज्यांनी या योजना आखल्या त्यांनी त्या स्वतःच्या मुलांसाठी कधीच आखल्या नाहीत. 2020 च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी 10 दिवस ‘दप्तराविना’ आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन पाहायचं. पुण्याच्या एखाद्या शाळेत ती सहल होईल, फोटो निघतील. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं वर्षभर दप्तराविनाच असतात. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं होतं, की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत, किंवा त्यांनी शाळा सोडली होती. ती कुठे होती? गॅरेजमध्ये, पंक्चरच्या टपरीवर, लूमवर. 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला तेव्हा शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात हातभार लावायला मुभा ठेवली गेली. मी त्या मुभेतच वाढलो असं म्हणा, कायदा व्हायच्या आधीपासून. चाचाचं गॅरेज ‘घरचं’, मामाचं गॅरेज ‘घरचं’, आणि शेजाऱ्याला आपण चाचाच म्हणतो.

होऊ शकत नाही असं मात्र नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेले, मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून दुष्काळी गावात आलेले शास्त्रज्ञ. तिथल्या मुलांनी वेल्डिंग केलं, भिंत बांधली, रक्तगट तपासायला शिकलं, पाण्याचा शोध घेतला. त्यातून आठवी ते दहावीसाठी आठवड्यातून एक दिवस कामाचा विषय तयार झाला आणि आपल्या एसएससी बोर्डाने तो मान्य केला. मुलं गावाला सेवा द्यायची, हिशेब लिहायची, आणि त्या हिशेबातून गणित शिकायची. आपल्या अल्पसंख्याक ट्रस्टच्या शाळांपैकी किती जणांनी तो विषय मागितला? शिक्षकांच्या जागेसाठी आपण मंत्रालयापर्यंत जातो. लेथसाठी कोण गेलं?

इथे आपल्यातले दोन गट माझ्यावर चिडतील. पहिला म्हणेल, तू आमच्या मुलांना पुन्हा गॅरेजमध्येच पाठवतोयस. आम्हाला यूपीएससी हवी, नीट हवी. हा संताप मला कळतो, कारण तंत्रशिक्षण म्हणजे गरिबाच्या पोरासाठी वेगळा दरवाजा, असंच ते आजवर आलंय. म्हणूनच माझी अट आहे: बीजगणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी काढून त्या जागी वेल्डिंग देणारा कुठलाही कोर्स नववी-दहावीत आला, तर पालकांनी शाळेत जाऊन तो बंद पाडावा. वेल्डिंग हवं, पण भौतिकशास्त्रासोबत.

दुसरा गट म्हणेल, पोराला 15 व्या वर्षी कमवावं लागतं, तुझं वर्गमूळ घेऊन काय करू? यांना मी उत्तर देताना आवाज चढवत नाही. माझ्या अब्बांचंही हेच म्हणणं होतं. पण अब्बांच्या हातात 40 वर्षांचं काम होतं आणि एकही कागद नव्हता. एमआयडीसीत मेंटेनन्सची जागा निघायची तेव्हा कालचा पोरगा आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आत जायचा आणि बिघडलेली मोटर अब्बांकडे यायची. मी दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि त्या जोरावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला. हा रस्ता आहे हे मला एका कंपाउंडरने सांगितलं, शाळेने नाही. वायरमन आणि वेल्डर या ट्रेडना आठवी पास मुलगाही बसू शकतो, हे आजही कितीतरी घरांत माहीत नाही. सच्चरनंतर शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याकांसाठी जादा पाळ्याही सुरू झाल्या. आपण त्यांचे फलक मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावले का?

आणि मुली. यावर मला जास्त राग येतो. दर रमजानला आपल्याकडे शिलाई मशीन वाटतात, फोटो छापतात. मेहंदी क्लास, ब्यूटिशियन क्लास, फॅशन डिझायनिंग. शिवण वाईट नाही, माझ्या अम्मीने शिवण करूनच माझी फी भरली. पण देणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही याचं काय? इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, मशिनिस्ट हे ट्रेड मुलींना बंद नाहीत. ते आपण बंद ठेवले आहेत. माझी भाची आठवीत आहे. परवा ती पंख्याचा कंडेन्सर बदलत होती, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, हे पोरीचं काम आहे का? तिने विचारलं, मग पंखा पोरांसाठी फिरतो का?

मिरजेत राहून हात आणि डोकं वेगळं मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आमच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानी काळात फरीदसाहेब शिकलगारांपासून ती माणसं वाद्यांकडे वळली. पंढरपूरच्या बाजूच्या वाळलेल्या भोपळ्यावर नखाने टिचकी मारून ती सांगतात यातून तानपुरा निघेल की नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे नुसत्या हाताचं काम आहे असं म्हणणाऱ्याने जवारी लावून दाखवावी. पण मिरजेच्या किती शाळांत ध्वनीचा धडा त्या गल्लीत बसून शिकवला जातो? एखाद्या उस्तादांना मानधन देऊन, खुर्ची देऊन, सहावीच्या वर्गात बोलावलं जातं? त्यांच्या तारेवर वारंवारता दिसते, ऐकू येते, बोटाने बदलता येते. आम्ही मात्र मुलांना ती व्याख्या म्हणून लिहायला लावतो.

यंदाच्या गुणगौरवाची बैठक पुढच्या जुम्म्याला मगरिबनंतर आहे. यादी पुन्हा माझ्याकडे आली आहे. आयटीआय, डिप्लोमा आणि एमसीव्हीसीच्या गुणपत्रिका घेणार असल्याचं मी ट्रस्टींना कळवलं आहे, आणि या मुलांच्या खुर्च्या नीटवाल्यांच्या शेजारी लागतील असंही. एका ट्रस्टीने फोन करून विचारलं, मग स्टेजवर जागा पुरेल का? मी सांगितलं, प्रमुख पाहुण्यांची एक खुर्ची कमी करू.