पंडिता रमाबाईंच्या आनंदाचे काय करायचे?

मराठीच्या वर्गात पंडिता रमाबाई येतात त्या समाजसुधारक म्हणून. १८८२ चे ‘स्त्रीधर्मनीति’, १८८९ चे शारदा सदन, त्यावरून उठलेले वादळ, पुढे केडगावचे मुक्ती मिशन, एवढे सांगून आम्ही अध्यापक पुढे सरकतो. त्यांचा ख्रिस्ती विश्वास ‘धर्मांतर’ या एका मथळ्याखाली उरकला जातो. त्या विश्वासातून त्यांना लाभलेला आनंद तर टिपणांतही सापडत नाही. ही टाळाटाळ आम्हांला वाङ्मयीन दृष्ट्याही अन्यायाची वाटते.

रमाबाईंचा देह या आनंदाला फारसा अनुकूल नव्हता. वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि कान अधू असल्यामुळे तो मार्ग त्यांना बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहिरेपण पुढे आयुष्यभर सोबत राहिले. बहिरेपणाला आजार म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही म्हणू, जे बरे होत नाही आणि रोजच्या प्रत्येक व्यवहारात आडवे येते, त्याला नाव काहीही द्या. पुराणे सांगत देशभर फिरलेली, वाणीच्या बळावर १८७८ साली कलकत्त्यात ‘सरस्वती’ ठरलेली ही विदुषी. तिच्याशी बोलणाऱ्याचा आवाजच तिला नीट पोचेनासा व्हावा, हे दुःख लहान नव्हे.

असे असूनही १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या शीर्षकातच त्यांनी न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख केला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, प्रत्यक्ष ख्रिस्त पुढे काही वर्षांनी, असा भेद त्या तेथे करतात. हा भेद महत्त्वाचा आहे. धर्म त्यांनी विचारान्ती, वाद घालून स्वीकारला होता; आनंद मात्र मागाहून आला, आणि कान पूर्ववत झाल्यामुळे तो आला नव्हता.

आपल्या समीक्षेला वेदना आवडते. वेदनेला ती ‘अस्सल’ म्हणते आणि श्रद्धेच्या आनंदाकडे पळवाट म्हणून संशयाने पाहते. संतकाव्याला तेवढी सूट आहे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांचा आनंद आपण अनुभव म्हणून वाचतो. रमाबाईंचा आनंद मात्र मिशनचा प्रचार ठरतो. हे दोन मापांनी मोजणे झाले.

या आनंदाची खरी कसोटी त्यांच्या बायबलच्या भाषांतरात लागते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अनेक वर्षे हे काम केले. संस्कृतवर एवढे प्रभुत्व असलेल्या बाईने साध्या बायकांना कळेल असे मराठी मुद्दाम पत्करले, यावर भाषांतराच्या अभ्यासकांनी थांबायला हवे. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र तुरुंगातले आहे आणि त्यात आनंद हा शब्द वारंवार येतो. त्याच पौलाने करिंथकरांना आपल्या देहातल्या काट्याविषयी लिहिले. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. या ओळी मराठीत आणताना रमाबाईंच्या मनात काय चालले असेल, याविषयी अंदाज बांधण्याचे धाडस आम्ही करणार नाही. १९२१ च्या जुलैत मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. भाषांतराचे काम त्यानंतरही चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

हे सारे भंडारा जिल्ह्यात बसून का लिहावे? एक धागा इतिहासाचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई निराधार मुलींना आणण्यासाठी मध्य प्रांतात आल्या होत्या, आणि तेव्हा आपला जिल्हा त्याच प्रांतात मोडत होता. पण खरे कारण वर्गातले आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे-सांधे असह्य दुखतात; थोडे दिवस बरे जातात आणि दुखणे परत येते. असा विद्यार्थी परीक्षा चुकवून पुन्हा वर्गात बसतो, तेव्हा आपले अभ्यासक्रम त्याच्यापुढे दोनच प्रकारची माणसे ठेवतात: कीव यावी अशी, किंवा रोगावर ‘मात’ करणारी. मात न करताही आनंदी असलेले माणूस त्याला भेटतच नाही.

रमाबाई तेथे भेटू शकतात. मात्र त्यांचा आनंद औषधाच्या चिठ्ठीसारखा कोणाच्या हाती देऊ नये. दुखणाईताला ‘श्रद्धा ठेव, आनंदी राहा’ असे सांगणे हा क्रूरपणाच आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाला आधी वेळेवर उपचार हवेत. मुक्तीत आंधळ्या मुलींना नुसती प्रार्थना शिकवली गेली नाही. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेलही शिकवली.

आम्हांला तूर्त एवढेच सुचवायचे आहे की, पदव्युत्तर वर्गातल्या कोणीतरी रमाबाईंचे फिलिप्पैकरांस पत्र मिशनच्या जुन्या मराठी भाषांतराशेजारी ठेवावे आणि आनंदासाठी दोन्हींकडे कोणते शब्द योजले आहेत, ते ओळीने टिपून काढावे. चार अध्यायांचे पत्र आहे. एका सत्रात सहज होईल.