मांडवाचा विमा

मे 2025 मध्ये पुण्याच्या वानवडीत एका लॉन्सवर लग्नाचा थाट मांडलेला होता आणि ऐन मुहूर्ताला धो धो पाऊस कोसळला. शेजारच्या बंदिस्त सभागृहात एका मुस्लिम कुटुंबाचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरचे स्वागतभोजन, चालू होते. त्यांनी आपले व्यासपीठ मोकळे करून दिले आणि हिंदू जोडप्याचे लग्न तिथे लागले. बातमी गाजली, गाजायलाच हवी होती. त्याच महिन्याच्या 26 तारखेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. 1950 पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. मे महिना कोरडा असतो या भरवशावर उघड्या लॉन्सचे बुकिंग करणाऱ्यांनी आता सावध व्हावे हे बरे. शेजारी इतका भला निघेलच, याची हमी कोण देणार?

अशा वेळी लग्नाच्या विम्याची आठवण काढली जाते. आपल्याकडच्या काही सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात. आग, पूर, भूकंप, वर-वधू किंवा अगदी जवळच्या नातेवाइकाचा अपघात वा मृत्यू यांमुळे समारंभ रद्द झाला किंवा पुढे ढकलावा लागला, तर आधी झालेला खर्च भरून मिळतो. दागिन्यांची चोरी, मांडवात पाहुण्याला झालेली इजा यांसाठी वेगळे संरक्षण असते. हप्ता विमा रकमेच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा लाखांना दहा-वीस हजार. घोडा आणि बँड यांच्या मानाने हे काहीच नाही.

पण पॉलिसीचा कागद नीट वाचला की उत्साह ओसरतो. वानवडीचेच घ्या. तिथे लग्न लागले, म्हणजे ते ‘रद्द’ झालेच नाही. गाद्या भिजल्या, सजावट वाहून गेली, यजमानांना घाम फुटला, तरी रद्द होण्याची भरपाई मागण्याजोगे काही घडले नाही. दोन घरांत मानपानावरून किंवा देण्याघेण्यावरून बिनसले आणि लग्न मोडले, तर विमा कंपनी हात वर करते. ऐनवेळी मुलाने किंवा मुलीने नकार दिला तरी तेच. आपल्याकडे ठरलेली लग्ने मोडण्याची खरी कारणे बहुधा हीच असतात. साथीचा रोग आणि सरकारी निर्बंध हेही अनेक पॉलिसींच्या बाहेर. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने लग्नाला 25 माणसे आणि दोन तास एवढीच मुभा दिली, नियम मोडणाऱ्याला 50 हजारांचा दंड ठेवला. तेव्हा मंगल कार्यालयांकडे अडकलेल्या रकमा किती जणांनी सोडून दिल्या, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात आठवून पाहावे.

‘जवळचा नातेवाईक’ म्हणजे कोण, हेही कंपनीच ठरवते. त्यात आई-वडील, भावंडे येतात, चुलत आजोबा बहुधा येत नाहीत. इकडे भावकीत कोणी गेले की सुतक लागते आणि तारीख हलते. यावर जुन्या लोकांनी तोड काढली होती. एकदा लग्नाआधीचे नांदीश्राद्ध झाले की नंतर आलेल्या सुतकाने लग्न अडत नाही. एक पैसाही हप्ता न भरता मिळणारे हे संरक्षण कोणत्याही पॉलिसीत सापडायचे नाही!

सर्वांत अवघड अट मात्र वेगळीच आहे, आणि ती आपणच आपल्यासाठी अवघड करून ठेवली आहे. भरपाई बिलांवर मिळते. आपल्या लग्नाचा मोठा हिस्सा रोखीत होतो. मांडववाला, आचारी, डेकोरेशन, फोटोग्राफर, सगळ्यांना जीएसटी वाचवायचा असतो आणि यजमानालाही तो नकोच असतो. वास्तविक 2017 पासून प्राप्तिकर कायद्याने एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई केली आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तरी वहीच्या फाटक्या पानावर ‘ॲडव्हान्स मिळाला’ एवढे लिहून लाखांचे व्यवहार होतात. ते पान घेऊन कोणत्या तोंडाने दावा करणार?

यजमानानेच विमा काढावा, हा आग्रहही मुळात उलटा आहे. विजेची वायरिंग कार्यालयाची, गॅसच्या शेगड्या केटररच्या, कमानी मांडववाल्याच्या. आग लागली, कमान कोसळली, जेवणातून विषबाधा झाली, तर चूक कोणाच्या कामात असेल हे उघड आहे. वर्षभर लग्नांवरच कमावणाऱ्यांनी वर्षभराचा पब्लिक लायबिलिटी विमा बाळगायला हवा, आणि परवाने देणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनी त्याची प्रत मागायला हवी. आयुष्यात एकदा मांडव घालणाऱ्या घराने त्यांच्या बेफिकिरीचा हप्ता का भरावा? ज्यांचा खर्च खरोखर मोठा आहे, पाहुणे दूरदेशातून यायचे आहेत, सगळी बिले हाती आहेत, त्यांनी विमा जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आधी कार्यालयाशी होणारा करार सुधारावा.

लग्नसराईच्या बुकिंगला जाल तेव्हा जेवणाचे ताट आणि पार्किंग यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. तुमच्याकडे पाहुण्यांच्या इजेचा विमा आहे का, आणि तारीख पुढे ढकलावी लागली तर ॲडव्हान्सचे काय? दोन्ही उत्तरे पक्क्या पावतीवर लिहून मागा. मालक कुरकुरला तर दुसरे कार्यालय बघा.