वाटाड्या आधी, सॅक नंतर

शिकार म्हटलं की आपल्याला एक तर राजेरजवाडे आठवतात, नाहीतर कोर्टाच्या तारखांना हजर राहणारे फिल्मस्टार. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, या दोघांनी मिळून आपल्याकडे हा विषय संपवला. बरंच झालं. पण अमेरिकेत तो जोरात चालू आहे. पेनसिल्व्हेनियात एम.एस. करणारा आमचा एक सीनियर सांगत होता, नोव्हेंबर संपता संपता तिकडे हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि काही गावांत चक्क शाळांना सुट्टी देतात! पांढऱ्या शेपटीचं हरीण, त्याला तिकडे व्हाइटटेल म्हणतात. मला त्या हरणाला मारण्यात काडीचाही रस नाही. पण तो जे पुढे म्हणाला ते डोक्यात राहिलं. लायसन्स हवं तर आधी सुरक्षिततेचा कोर्स करायचा आणि परीक्षा पास व्हायचं. अंगावर केशरी जाकीट सक्तीचं. नवखा असेल तर पैसे देऊन तिथला माहीतगार माणूस बरोबर घ्यायचा आणि तो म्हणेल तिथे, म्हणेल तेवढा वेळ गप्प बसायचं. बंदूक कुठली घ्यायची हा प्रश्न या सगळ्यानंतर.

आता आपल्या होस्टेलचा क्रम बघा. जूनचा पहिला पाऊस पडला की आधी सॅक येते. मग जाकीट, मग मोबाईलचं वॉटरप्रूफ पाऊच. मग कोणीतरी रील दाखवतो, 'इथे जाऊ या'. रस्ता मॅपवर बघू! आणि गावातला माहीतगार माणूस? तो यादीत नसतोच. थोडक्यात, तिकडच्या शिकाऱ्याची यादी आपण शेपटाकडून वाचतो आणि अर्ध्यात सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मावळात जंगलात शिरायचं तर सामानातली पहिली वस्तू म्हणजे वाटाड्या. बाकीचं सामान त्याला विचारून.

हे मी हवेत बोलत नाही. मागच्या डिसेंबरात आम्ही सहाजण राजमाचीच्या उधेवाडीतल्या एका मामांबरोबर भेकर बघायला गेलो होतो. (भेकर म्हणजे आपल्या घाटातलं छोटं हरीण. बिथरलं की कुत्र्यासारखं भुंकतं, तेही एकसारखं.) लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवण करत उधेवाडी साधारण पंधरा किलोमीटर. पहाटे मामा आले ते हातात काठी, कमरेला कोयता आणि खांद्यावर घोंगडी घेऊन. आमच्या सहा फुगलेल्या सॅक बघून म्हणाले, "काय रं पोरांनो, लगनाला चाललाय व्हय?" मग त्यांनी अर्धं सामान गावातच काढून ठेवायला लावलं. ब्लूटूथ स्पीकर पहिला गेला. डिओ मारलेल्याला ओढ्यावर हात-मान धुवायला पाठवलं. आणि एकाचं निळंशार विंडचीटर पाहून म्हणाले, "ह्यो निळा काढ. जनावराला लांबनं दिसतंय."

आम्हाला ही अंधश्रद्धा वाटली. परत आल्यावर वाचलं तर गंमतच. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. त्याला निळा रंग उत्तम दिसतो. केशरी आणि लाल मात्र मळकट, आजूबाजूच्या पाचोळ्यासारखे वाटतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणावर अमेरिकेत अभ्यास झाला त्यात हेच निघालं. म्हणून तिकडच्या शिकाऱ्याला केशरी जाकीट चालतं: दुसऱ्या शिकाऱ्याला ते मैलावरून दिसतं, हरणाला खटकत नाही. इतकंच नव्हे, तर कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंटमध्ये जी पावडर असते तिच्यामुळे कापड अतिनील किरणांत चमकतं, आणि हरणाला ते आपल्यापेक्षा जास्त जाणवतं. म्हणजे आपली आवडती निळी जीन्स, निळं पोंचो आणि ताजा धुतलेला टीशर्ट... भेकराच्या दृष्टीने आपण वरातच! तेव्हा जंगलात जायला मातकट कपडे घ्या आणि डोक्यावर एक केशरी टोपी. भेकराचं बिघडत नाही, आणि धुक्यात कोणी मागे राहिला तर आपल्याला दिसतो. वीस-तीस रुपयांचं केशरी फडकं बांधलं तरी चालतं. ब्रँडची गरज नाही.

जीन्सवर मात्र माझा खास राग आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, आणि वाळेपर्यंत अंगातली उष्णता खात बसतं. हीट ट्रान्स्फरच्या पेपरात हे आपण लिहितो आणि शनिवारी तीच जीन्स घालून लोहगडाला जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे सुती कापडाचं कौतुक नको. लोकर ओली झाली तरी ऊब टिकवते. मामांची घोंगडी ही काही गरिबी नव्हे, ते साहित्याचं योग्य सिलेक्शन आहे. तेच इरल्याचं. भातलावणीत बाया इरलं पाठीवर घेतात कारण दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री घेऊन विसापूरच्या पायऱ्यांच्या वाटेने पाण्यातून चढणाऱ्यांनी इथून काहीतरी शिकावं.

पैसे घालायचेच असतील तर बुटांवर घाला. घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांचा सोल असलेले. महागडे परवडत नसतील तर कॅनव्हासचे हंटर शूज चालतात (बघा, शिकार गेली आणि नाव तेवढं बुटाला राहिलं). पळायचे गुळगुळीत बूट शेवाळ्यावर म्हणजे घर्षण गुणांक जवळपास शून्य. आणि नवे बूट थेट ट्रेकला नकोत. आठवडाभर लेक्चरला घालून मुरवा. मावळात फुरसं, घोणस आहेत, म्हणून पाय झाकलेले हवेत आणि अंधारात बॅटरी हवी. ती मोबाईलची नव्हे, वेगळी, शक्यतो डोक्याला लावायची. मोबाईल बंद ठेवून चार्जिंग वाचवायचं, कारण रेंज आली तर ११२ ला फोन करायला तोच लागणार. आणि दोर? जो वापरता येत नाही तो दोर नेऊ नका. ढाकच्या बहिरीच्या कड्यावर दोर आहे म्हणून धीर येतो, आणि तो धीरच घात करतो.

यावर आमच्या मजल्यावरचा युक्तिवाद ठरलेला आहे: वाटाड्या म्हणजे कच्च्या लिंबूंचं काम, आणि मॅप आहे की! मॅपवर पायवाट दिसते, पण गुरांच्या वाटा दिसत नाहीत. राजमाचीच्या रानात एका खऱ्या वाटेला दहा ढोरवाटा फुटतात आणि धुकं उतरलं की अकराही सारख्या दिसतात. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर एकटाच नागफणीच्या बाजूला फिरायला गेला आणि जंगलात वाट चुकला. आपल्याच वयाचा. घरच्यांशी त्याचं बोलणंही झालं होतं, पण मोबाईल बंद पडला. चार दिवस शोध चालला, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या मुलांपासून एनडीआरएफपर्यंत सगळे दऱ्या धुंडाळत होते. शेवटी सापडला तो मृतदेह. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं. अशा वेळी ओढ्याचा रंग गढूळ झाला की मागे फिरायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं, कारण आपण कोणाला विचारत नाही.

आणि हेही लक्षात घ्या, आपण अडकलो की दरीत उतरणारी मुलं आपल्याच वयाची असतात. आपल्या रीलसाठी त्यांनी जीव का धोक्यात घालायचा?

राहिला पैशाचा मुद्दा. सहाजणांत वाटाड्याचे पैसे वाटले की डोक्यामागे एका पिझ्झ्याइतकेही पडत नाहीत. गावात जेवलात तर इंद्रायणी तांदळाचा भात मिळतो, जो याच मावळात, वडगावच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली आला. फक्त घासाघीस करू नका. मॉलमध्ये सॅकच्या किमतीवर आपण चकार शब्द काढत नाही आणि मामांपुढे पन्नास रुपयांसाठी अडून बसतो, हे मला फार खटकतं. शिवाय त्यांनी 'आज नको' म्हटलं तर नको. तिथे वाद नाही. आम्ही त्या दिवशी भेकर पाहिलं ते मिनिटभरच. त्याआधी दीड तास करवंदीच्या जाळीमागे तोंड बंद करून बसलो होतो. दीड तास! लेक्चरला पन्नास मिनिटं जमत नाहीत.

आता रेक्टर सरांना एक विनंती. दर वर्षी फायनल इयरची मुलं जाताना सॅक, स्लीपिंग बॅग, जाकिटं भंगारात देऊन जातात, आणि फर्स्ट इयरची मुलं तेच सामान नवं घेतात. जिमखान्याशेजारच्या खोलीत एक कपाट मिळालं तर हे सगळं तिथे जमा करता येईल. नाव लिहून न्यायचं, धुऊन परत ठेवायचं. वहीत चार रकाने: कोण, कुठे, परत कधी, आणि वाटाड्याचं नाव व नंबर. चौथा रकाना रिकामा असेल तर सामान मिळणार नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात तेही त्याच कपाटाच्या दारावर लावता येतील. बी विंगमधून मी आणि आणखी तिघे आळीपाळीने किल्ली सांभाळायला तयार आहोत. बूट मात्र ज्याचे त्याने आणायचे, आणि ओले मोजे कपाटात ठेवायचे नाहीत.