आधी कचेरी, मग माणसं

१९०१ च्या जनगणनेत वाशिम शहराची लोकसंख्या भरली १३,८२३. कारंजा त्या वर्षी साडेसोळा हजारांवर होतं. वाशिम जिल्ह्याचं ठाणं असूनही कारंज्याच्या मागे. कारंज्यात कापसाची मोठी उलाढाल होती, पेढ्या होत्या, जैन मंदिरांना येणारे यात्रेकरू होते. वाशिमजवळ वाकाटकांच्या वत्सगुल्म राजधानीची थोर आठवण होती, पण आठवणीवर बाजारपेठ भरत नाही.

त्या वेळचा वाशिम जिल्हा आजच्यासारखा नव्हता. वाशिम, मंगरूळ आणि पुसद असे त्याचे तालुके. जिल्ह्याची एकूण लोकसंख्या ३,५३,४१०. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ती अकरा टक्क्यांनी कमी झाली होती. मधल्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर येऊन गेले. पटकी आली, माणसं गेली, कित्येक घरं परागंदा झाली. माझं गाव रिठद तेव्हा याच जिल्ह्यात होतं. अकरा टक्के म्हणजे नऊ माणसांमागे एक माणूस कमी. शिवाय या दहा वर्षांत जन्मलेली मुलंही होतीच, ती धरूनसुद्धा बेरीज खाली आली. त्यावरून प्रत्यक्षात किती घरांत माणूस गेला असेल याचा अंदाज करावा.

चार वर्षांनी, १९०५ मध्ये, इंग्रज सरकारने वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी केली आणि वाशिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. वाशिमची जिल्हा कचेरी गेली ती त्र्याण्णव वर्षांसाठी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून सहा तालुके काढून वाशिम पुन्हा जिल्हा झाला: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा.

आता त्यापुढचे आकडे बघा. २००१ मध्ये वाशिम शहर ६२,८६३ आणि कारंजा ६०,१५८. फरक जेमतेम सत्तावीसशेचा, जवळजवळ बरोबरीच. २०११ मध्ये वाशिम ७८,३८७ आणि कारंजा ६७,९०७. एका दशकात फरक जवळजवळ साडेदहा हजारांचा झाला. वाशिम पंचवीस टक्क्यांनी वाढलं, कारंजा तेरा टक्क्यांनी. दोन्हीकडे पाऊस तोच, सोयाबीन तेच, तुरीचे भावही तेच. वेगळं काय होतं? वाशिमला जिल्हाधिकारी बसला, जिल्हा परिषद आली, न्यायालयं आली, सामान्य रुग्णालय आलं. त्यांच्यामागे कर्मचारी आले, वकील आले, झेरॉक्सची दुकानं आली, भाड्याच्या खोल्या आल्या, शिकवण्या आल्या. २००८ मध्ये अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज झाला, त्याचाही हात लागला. कारंज्याच्या वाट्याला मात्र मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वेच राहिली, आणि तीही पुढे थांबली.

मला सांगायचं आहे ते एवढंच. आपण समजतो की वस्ती वाढते आणि मग सोयी येतात. निदान आमच्या जिल्ह्यात तरी सरकारी निर्णय आधी आला आणि वस्ती त्याच्या मागून आली. लोकसंख्या हा निकाल आहे, आपण मात्र तो पात्रतेचा दाखला म्हणून मागत बसतो. रिठदसारख्या गावांचं सगळ्यात मोठं नुकसान याच उलट्या हिशोबानं होतं.

रिठद रिसोड तालुक्यातलं, वाशिम-रिसोड रस्त्यावरचं मोठं गाव. तहसीलच्या कामाला रिसोड, कलेक्टर कचेरीला वाशिम, अवघड आजार निघाला तर अकोला आणि त्याच्याही पुढे गेला तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. गावातल्या माणसाच्या मनात शहरांची ही एक उतरंडच असते. २०११ च्या मोजणीनं ती आकड्यात मांडायची तर रिसोड ३४,१३६, वाशिम ७८,३८७, अकोला सव्वाचार लाख, अमरावती साडेसहा लाखांच्या आत आणि नागपूर चोवीस लाख. लोकसंख्येच्या क्रमात अमरावती आणि नागपूर यांच्यामध्ये विदर्भात दुसरं शहर नाही. पहिलं शहर दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट आहे. मार्क जेफरसन या अमेरिकी भूगोलतज्ज्ञानं १९३९ साली लिहिलं होतं की पुष्कळ देशांत एक शहर बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून वाढतं, कारण एकदा ते पुढे गेलं की सगळं चांगलं तिकडेच ओढलं जातं. त्यानं ते देशांबद्दल लिहिलं. विदर्भाला ते जसंच्या तसं लागू पडतं. महाराष्ट्रालाही पडतं: मुंबई सव्वा कोटीच्या घरात, तिच्यामागचं पुणे एकतीस लाख.

पण मला काळजी उतरंडीच्या वरच्या टोकाची नाही, तळाची आहे. २०११ मध्ये वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. त्यातले शहरी किती? १७.६६ टक्के. राज्याचं प्रमाण त्याच वर्षी ४५ टक्क्यांवर होतं. हे १७.६६ टक्के म्हणजे चार नगरपरिषदांची बेरीज: वाशिम, कारंजा, रिसोड आणि सुमारे एकतीस हजारांचं मंगरूळपीर. बस. उरलेले पावणेदहा लाखांहून जास्त लोक कागदावर खेड्यातले. त्यात मालेगाव आणि मानोरा ही तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली, कारण तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. पुढे तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचं धोरण राज्य सरकारनं घेतलं आणि ती दोन्ही गावं शहरांच्या यादीत गेली. एका रात्रीत तिथे माणसं वाढली नव्हती. ठराव झाला, अधिसूचना निघाली, इतकंच.

गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं, याचे नियम जनगणना खात्यानं ठरवलेले आहेत. नगरपरिषद, नगरपंचायत, महानगरपालिका किंवा छावणी मंडळ असेल तर ते शहरच. तसं काही नसेल तर तीन कसोट्या: वस्ती किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंच्याहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात. आमच्याकडची मोठी गावं पहिल्या अटीला पुरून उरतात आणि तिसरीला अडतात. घरटी कुणी ना कुणी वावरात जातंच. नगरपंचायतीचा राज्याचा कायदा त्यामानानं सैल आहे, लोकसंख्या दहा ते पंचवीस हजार आणि बिगरशेती रोजगार किमान पंचवीस टक्के. पण तिथेही तालुक्याचं ठाणं असलेलं गाव आपोआप पुढे गेलं आणि तसंच मोठं दुसरं गाव मागे राहिलं.

रिठदची नगरपंचायत व्हावी असं माझं म्हणणं नाही. नगरपंचायत झाली की रोजगार हमीची कामं ग्रामपंचायतीच्या हातून जातात, कर वाढतात, आणि शेतमजूर बाईला ते परवडेल असं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जी गावं आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांच्या वाटेवर आहेत, जिथे लोक बी-बियाणं घ्यायला, दवाखान्यात, बँकेत आणि शाळेत येतात, त्यांचं वजन त्यांच्या घरांत झोपणाऱ्या डोक्यांवरून काढू नये. दिवसा तिथे किती माणसं वावरतात याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी रामनवमीला लाखो बंजारा भाविक पोटात घेते, पण पाण्याची टाकी मंजूर होताना हिशोब तिथल्या कायम वस्तीचाच होतो.

आरोग्याची गोष्ट घ्या. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ग्रामपंचायतीत सदस्य सात असावेत की सतरा, तेही लोकसंख्येवर ठरतं. पंधराशेच्या आत सात, साडेसात हजारांवर सतरा. रेशनचं तर विचारूच नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला ७६.३२ टक्के आणि शहरी भागाला ४५.३४ टक्के लोकसंख्येची मर्यादा मिळाली, आणि ते टक्के धरले २०११ च्या मोजणीवर. राज्याचा सात कोटींचा कोटा तिथेच गोठला. त्यानंतर जन्मलेलं मूल आज शाळेत वरच्या वर्गात गेलं तरी कार्डात त्याचं नाव चढवायचं तर कोट्यात जागा आहे का, हे आधी पाहावं लागतं. २०२१ ची जनगणना करोनानं लांबली आणि सोळा वर्षं जुन्या पायावर आपण आजचं घर बांधत राहिलो.

आता नवी मोजणी जाहीर झाली आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. आणि इथेच रिठदनं, रिठदसारख्या प्रत्येक गावानं जागं राहायला हवं, कारण मोजणीचा हंगाम आपल्या बाजूचा नाही. फेब्रुवारीत गावात कोण असतं? सोयाबीन कधीच विकलेलं असतं, तूर खळ्यातून घरात आलेली असते, हरभरा काढणीला आलेला असतो. ज्यांच्याकडे ओलीत नाही ते दिवाळीनंतर बाहेर पडलेले असतात. तांड्यांवरचे लोक ऊसतोडीला जातात ते थेट पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. पोरं पुण्यात कंपन्यांमध्ये, काही मुंबईला बांधकामावर, शिकणारी अकोला-अमरावतीत. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली होती आणि नियम असा होता की जो माणूस तो सगळा काळ घराबाहेर असेल त्याची नोंद गावी करायची नाही, तो जिथे असेल तिथे करायची. नियम म्हणून तो योग्यच आहे, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण साखर कारखान्याच्या फडात पालाच्या झोपडीत राहणाऱ्या जोडप्यापर्यंत प्रगणक पोचला नाही, तर ते कुठेच मोजलं जात नाही. गावाच्या आकड्यातून गेलं आणि कारखान्याच्या गावात चढलंही नाही. पावसाळ्यात हीच माणसं गावी परततात, त्यांची लेकरं गावच्या अंगणवाडीत जातात, गावच्याच हापशावर पाणी भरतात.

म्हणून मुकादमानं टोळी नेतानाच यादी करावी, ग्रामपंचायतीनं ती ठेवावी, आणि टोळी ज्या गावाच्या शिवारात उतरली असेल तिथल्या तहसीलला ती कळवावी. आपल्या गावचे प्राथमिक शिक्षकच बहुतेक प्रगणक असणार, त्यांना कुणाच्या घराला कुलूप आहे आणि कुलूपवाले कुठे गेलेत हे कुणी सांगायची गरज पडणार नाही. त्यांना वेळ मिळावा आणि त्यांच्यावर मोजणीबरोबर दहा दुसरी कामं टाकू नयेत, एवढं मात्र जिल्ह्यानं बघावं.

दुसरी गोष्ट घरातल्या बायांची. शहर ठरवायच्या कसोटीत फक्त पुरुषांचं काम धरतात, हे वर आलंच आहे. पण गावाच्या नोंदीतही बाईचं काम निसटतं. प्रगणक विचारतो, घरात काम कोण करतं? दारात बसलेला बाप्या सांगतो, मी शेती करतो, ती घरीच असते. ती असते वावरात. निंदण तिचं, कापूस वेचणं तिचं, सोयाबीन सोंगायला तीच, दोन म्हशींचं शेणपाणीही तीच करते. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलं तर जनगणनेच्या भाषेत ती मुख्य कामगार ठरते, मग शेत नवऱ्याच्या नावावर असलं तरी. कामाचा तो प्रश्न आला की उत्तर तिनं स्वतः द्यावं, आणि प्रगणक गुरुजींनीही ते तिलाच विचारावं.