तडजोड कोणाची, कोणाशी?



जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "हल्लीच्या बायकांना तडजोड करायलाच नको. ही स्त्रीमुक्तीवाली मंडळी घरे मोडायला निघाली आहेत." बोलणारा आपलाच जुना, लढाऊ सभासद असतो. प्रशासनाने एक दिवसाचा पगार कापला तर डी.आर.एम. कार्यालयावर मोर्चा नेणारा! म्हणून त्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे.

तडजोड म्हणजे काय, हे कामगाराला शिकवावे लागत नाही. टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष बसतात. आपण दोन मागण्या सोडतो, समोरचा दोन मान्य करतो आणि करारावर दोघांच्या सह्या होतात. सगळे एकानेच सोडायचे आणि दुसऱ्याने "समजूतदार आहे हो" म्हणायचे, याला आपण शरणागती म्हणतो. असा करार करून आलेल्या पुढाऱ्याला गेट मीटिंगमध्ये बोलू देत नाही. घरात मात्र याच प्रकाराला संसार म्हणतो.

हिशेब पाहा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. (जे पुरुष काडीही हलवत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.) नोकरी करणारीची मिनिटे थोडी कमी असतील, पण काउंटरचा हिशेब जुळवून घरी आल्यावर ती जी दुसरी ड्युटी लावते, तिला ना रोस्टर, ना साप्ताहिक सुट्टी.

याहून महाग पडते बढतीची तडजोड. बढतीबरोबर बदली येते. आदेश नवऱ्याचा असला तर बिऱ्हाड नागपूरहून आमल्याला हलते, मुलांच्या शाळा बदलतात. आदेश बायकोचा असला तर रात्री घरात चर्चा होते आणि सकाळी ती नकाराचा अर्ज लिहिते. नकार दिला की वर्षभर पुन्हा बढतीचा विचार नाही, एम.ए.सी.पी.ला पात्र होण्याआधी नकार दिला असेल तर तो लाभही अडतो. मूळ पगार अडला की महागाई भत्ता अडतो, आणि निवृत्तीनंतर हाती पडणारी रक्कमही घटते. अर्जात कारण असते "घरगुती अडचण". अडचण कोणाची, हे कोणी विचारत नाही.

सरकारही याच चालीचे. बालसंगोपन रजा २००८ पासून महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांपर्यंत मिळते. पुरुषांना ती २०१८ मध्ये दिली, तीही एकट्या पालकालाच. म्हणजे घरात आई असली तर बापाने मूल सांभाळायचे नाही! पत्नीच्या बाळंतपणासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा १९९७ पासून आहे. ती मागणाऱ्याला "बाळंतीण" म्हणून चिडवतात ते अधिकारी नव्हेत, आपलेच लोक.

रनिंग स्टाफचे साथी म्हणतील, दोन रात्री बाहेर काढून आलेल्याने पोळ्या लाटायच्या काय? म्हणणे खोटे नाही. पण मग ड्युटीच्या तासांचा लढा तिचाही आहे, हे आपल्या मागणीपत्रात कुठे दिसते? मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपात हजारो साथी तुरुंगात होते, पोलीस रेल्वे वसाहतींत शिरले, कुटुंबे क्वार्टरांतून बाहेर काढली गेली. तेव्हा चूल आणि संप दोन्ही बायकांनी धरून ठेवले. त्यावर आपण भाषणे ठोकतो, आणि शाखेची बैठक संध्याकाळी सहाला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, ठेवतो. अहवालात लिहितो : "महिलांचा सहभाग अल्प."

हे खूळ परदेशातून आले म्हणणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक विवाहविधी काढून वाचावा. असा पहिला विवाह १८७३ चा. त्या मंगलाष्टकांत वधू वराकडून स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. आधी मागणी, मग करार. युनियनची रीत याहून वेगळी नाही.

येत्या शाखा बैठकीत दोन ठराव मांडावेत. बैठका जेवणाच्या सुट्टीत भरवाव्यात. आणि बालसंगोपन रजा आई-बाप दोघांनाही मिळावी, ही मागणी मागणीपत्रात घालावी. दुसऱ्या ठरावाविरुद्ध हात वर करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात लिहून ठेवा.