किनाऱ्यावरच्या हातांचा वाटा



२४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलँडमधल्या दहापैकी नऊ बायकांनी काम बंद ठेवले. नोकरीवर गेल्या नाहीत, स्वयंपाक केला नाही, मुले सांभाळली नाहीत. 'संप' या शब्दाला बिचकणाऱ्या बायकांनाही सामील होता यावे म्हणून त्यांनी त्याला नाव दिले 'बायकांची सुट्टी'. २०२५ मध्ये या घटनेला पन्नास वर्षे झाली. राजधानी रेक्याविकच्या चौकात जमलेल्या सुमारे २५ हजार बायकांविषयी आपण अनेकदा ऐकले आहे. पण त्याच दिवशी किनाऱ्यावरचे मासळीचे कारखानेही बंद पडले, हे फारसे सांगितले जात नाही. ते बंद पडले, कारण मासे कापायच्या टेबलाशी उभ्या असत त्या बायकाच.

आइसलँडचे अर्थकारण विसाव्या शतकात मासळीवर उभे राहिले. उत्तर किनाऱ्यावरचे सिग्लुफ्योर्दुर हे गाव पाहा. १९०३ मध्ये नॉर्वेचे लोक तिथे हेरिंग (आपल्या तारलीच्या कुळातला मासा) पकडायला आले आणि छोट्याशा वस्तीचे शहर झाले. बोटी पुरुषांच्या. पण बोट धक्क्याला लागली की मासा नासायच्या आत त्याचे डोके उडवून, पिंपात मिठाचे थर देत तो रचायचा, हे काम बायकांचे. देशभरातून तरुण मुली हंगामाला येत, एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. तिथे उन्हाळ्यात रात्रीही उजेड असतो, त्यामुळे मासळी असेपर्यंत कामाला खंड नसे. मजुरी पिंपावर. पिंप भरले की एक बिल्ला मिळे, तो त्या आपल्या बुटात टाकत. दिवसाची कमाई बुटात मोजायची!

या बायका मुकाट राबत नव्हत्या. खारी मासळी धुणाऱ्या आणि इतर कष्टकरी बायकांनी १९१४ मध्येच रेक्याविकमध्ये आपली स्वतंत्र कामगार संघटना बांधली. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १९६७ पर्यंत टप्प्याटप्प्याने अमलात आला. हा विजय मोठाच होता. पण एक भेद तसाच राहिला. बोटीवरच्या खलाशाला तिथे पकडलेल्या मासळीच्या किमतीत वाटा मिळतो. किनाऱ्यावरच्या बाईला मिळते ती मजुरी. एकाच माशावर दोघांचे हात पडतात, पण 'वाटा' हा शब्द एकाच्याच नशिबी.

साठच्या दशकाच्या अखेरीस बेसुमार मासेमारीमुळे आणि समुद्र थंडावल्यामुळे हेरिंग नाहीसा झाला. एके काळी तीन हजारांवर वस्ती असलेले सिग्लुफ्योर्दुर ओसरत गेले. पुढे कॉड माशावरही तीच वेळ येईल, या भीतीने सरकारने १९८४ मध्ये कोटा पद्धत आणली. एकूण किती मासे पकडायचे हे ठरवून त्याचे हिस्से वाटले गेले. आधीच्या तीन वर्षांत ज्या बोटीने जेवढी मासळी पकडली, त्या प्रमाणात बोटीच्या मालकाला हिस्सा मिळाला, तोही फुकट. १९९० च्या कायद्याने हे हिस्से खुले विकण्याची मुभा दिली. गंमत अशी की त्याच कायद्याचे पहिले कलम सांगते, समुद्रातली मासळी ही साऱ्या राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहे!

कोट्यामुळे मासेमारीला शिस्त आली, धंदा नफ्यात आला, हे खरे आहे. पण मासळीवरचा हक्क ठरवताना कुणाचे श्रम मोजले? जाळे ओढणाऱ्याचे नाहीत, मासा कापणारीचे तर नाहीतच. मोजली ती फक्त बोटीची मालकी.

त्याचे परिणाम फ्लातेयरी या पश्चिमेकडच्या गावाने भोगले. १९९५ मध्ये हिमकडा कोसळून तिथली वीस माणसे गेली. त्यातूनही गाव सावरले. २००७ मध्ये तिथल्या मुख्य कंपनीने बोटी आणि कोटा विकून टाकला आणि शंभराहून अधिक लोकांचे काम एका निर्णयाने गेले. जेमतेम तीन-साडेतीनशे वस्तीच्या गावाला हा दुसरा हिमकडाच होता. कोटा विकणाऱ्याला पैसा मिळाला. ज्यांनी तिथे उभे राहून आयुष्य काढले, त्यांना विचारण्याची गरजही कायद्याने ठेवली नव्हती. आज इतर किनारी गावांत या टेबलांशी मोठ्या संख्येने पोलंडहून आलेले मजूर उभे असतात. हात बदलले, मालकीचा नियम तोच राहिला.

ऑक्टोबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही वाटणी भेदभावाची ठरवली. पण तक्रार दोन मच्छीमार पुरुषांची होती. किनाऱ्यावरच्या बाईचा दावा त्यात नव्हता. स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक यादीत २००९ पासून पहिला क्रमांक राखणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे. समान वेतनावर लढा संपत नाही, हे यातून शिकायचे. साधनांची मालकी ठरते, त्या बैठकीत बाई आहे की नाही, हा खरा प्रश्न.

आपल्या किनाऱ्यावर मासळी विकणारी कोळीण रोख पैसा हाताळते. पण बोट आणि परवाना बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर असतो. गोदीत कोलंबी सोलणारीला मजुरी वजनावर मिळते. उद्या आपल्याकडे समुद्राची वाटणी झाली, तर 'मच्छीमार' म्हणून कुणाची नोंद असेल?

म्हणून एक साधी विनंती. यापुढे मासेमार वस्तीत पाहणीचा तक्ता भरताना 'मच्छीमार कोण?' या रकान्यात एकच नाव लिहून पुढे जाऊ नका. मासळी उतरवते कोण, निवडते, सुकवते, विकते कोण, हे विचारा आणि तिचे नाव लिहा. वाटा मागायचा तर आधी नोंद हवी.

— संपादक मंडळाच्या वतीने